ओझर, शिर्डी, मुंबई आणि बाळाजींचं प्रस्थान

पंचवटीत बाळाजी गुरुजींना कुणी सहज म्हणून किती वाजले ते विचारत नसे. विचारलं की फसलाच. गुरुजी आधी मनगटावरचं घड्याळ बघणार, मग ते बरोबर आहे का हे मोबाइलवर ताडून बघणार, मग वेळ सांगणार आणि वर राहुकाळ कधी लागतो, तिथी कधी बदलते हेही न विचारता ऐकवणार. विचारणारा बिचारा बसची वाट बघत उभा असतो, त्याला राहुकाळाशी काय देणंघेणं! पण गुरुजींना अर्धवट माहिती दिलेली खपत नसे. माणूस सरळ, मनाचा मऊ, तोंडाचा मात्र फटकळ.

रामकुंडावर त्यांची ख्याती एकाच गोष्टीसाठी होती. सातची वेळ दिली की सातला गुरुजी पाटावर बसलेले असायचे. यजमान धापा टाकत उशिरा आले की त्यांचं काही खरं नसे. "गुरुजी, काय करणार, विमानच लेट झालं," असं कुणी म्हणालं की गुरुजी चष्म्यावरून बघत आणि म्हणत, "विमानाला ठाऊक होती का तुमच्या वडिलांची तिथी? नाही ना? तुम्हाला होती. मग आदल्या दिवशी मुक्कामाला यायला काय झालं होतं?" यजमान निमूट पितांबर नेसून बसायचे.

तर अशा या माणसाची ऐन पौषात झोप उडाली. कारण विमानच.

त्यांची एकुलती एक लेक यशश्री दिल्लीला होती. जावई विश्वेश तिकडेच नोकरीला. यशश्रीचे दिवस भरत आले होते. खरं तर लेकीनं माहेरी यायचं, पण डॉक्टरीणबाईंनी प्रवासाला साफ नाही म्हटलं होतं. शुक्रवारी सकाळी ऑपरेशन करून बाळ काढायचं ठरलं. तेव्हा बाळंतपणाला आईनंच तिकडे जायचं, हेही ठरलं. त्यात अवघड असं काही नव्हतं. अवघड होतं ते मागचं.

दीड वर्षापूर्वी यशश्रीचं पोटातलं बाळ सातव्या महिन्यात गेलं होतं. फोन आला तसे बाळाजी आणि उत्तराबाई अंगावरच्या कपड्यांनिशी निघाले आणि विमानतळावर अडकले. विमान आधी उशिरा, मग आणखी उशिरा, मग रद्द. त्या विमानतळाचं नाव बाळाजी अजूनही तोंडातून काढत नाहीत. दोष विमानतळाचा नव्हता, आभाळाचा होता, हे त्यांना कळत होतं. पण तो विमानतळ निवडला होता त्यांनी, आणि ते त्यांच्या जिव्हारी लागलं होतं. दिल्लीला पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. विश्वेश औषधं आणत, कागदांवर सह्या करत बाहेर धावत होता. यशश्री भिंतीकडे तोंड करून पडली होती. आईला बघून एवढंच म्हणाली, "आई, हात धरायला कुणी नव्हतं गं."

या वेळी फोनवर तिचं एकच मागणं होतं. "मला आत नेतील तेव्हा आई माझ्याजवळ हवी. बाकी मला काही नको."

आता एवढं साधं मागणं, आणि तेही वेळेच्या बाबतीतलं, आणि तेही बाळाजींकडे! पण त्यांची तर पाचावर धारण बसली. बुधवारी इंदूरच्या यजमानांच्या वडिलांचं वर्षश्राद्ध होतं. शब्द दिलेला, तिथी ठरलेली, ती काही हलत नाही. म्हणजे निघायचं गुरुवारी. शुक्रवारी ऑपरेशन. मध्ये उसंत अशी नाहीच. विमान चुकलं, अडकलं, रद्द झालं, तर पुन्हा तेच. म्हणून विमान कुठून धरायचं, या एका प्रश्नानं बाळाजींच्या डोक्याचा भुगा केला.

पहिल्यांदा ते पंचवटी कारंजाच्या चौकात बंटीच्या ट्रॅव्हल्सच्या दुकानात गेले. बंटी हा तिकिटं काढून देणारा पोरगेला बाप्या, सतत तीन फोन हाताळणारा.

"बंटी, मला असा विमानतळ सांग, जिथून विमान जातंच."

"गुरुजी, सगळीकडूनच जातं की."

"तसं नव्हे रे! भरवशाचं बोल."

बंटीनं फोन बाजूला ठेवले आणि समजावून सांगायला घेतलं. ओझर आपल्या घराजवळ, बसल्या जागी. पण तिथून दिल्लीला विमानं मोजकी. एक रद्द झालं तर दुसरं थेट दुसऱ्या दिवशी. मुंबईहून विमानांची रांग लागलेली असते, एक गेलं तर दुसऱ्यात बसवतील. पण मुंबईला पोचायला आधी कसारा घाट उतरायचा, आणि घाटात एखादा ट्रक आडवा झाला तर विमान तिकडे वेळेवर उडणार आणि गुरुजी इकडे घाटात. शिर्डी या दोन्हींच्या मध्ये. पुण्याचं तर नावच नको, चाकणच्या वाहतूककोंडीत माणूस म्हातारा होतो.

"मग सगळ्यांत चांगलं कुठलं?"

"तुम्हाला उशीर नको की रद्द नको? दोन्ही वेगळं असतं, गुरुजी. जिथं गर्दी असते तिथं उशीर जास्त, पण रद्द कमी. जिथं गर्दी नसते तिथं वेळेवर जास्त, पण एकदा का रद्द झालं की बसा."

"मला दोन्ही नको!"

"तसा विमानतळ अजून बांधायचाय," बंटी म्हणाला.

बाळाजींनी त्याला चष्म्यावरून बघितलं. मग बंटीनं मोबाइलवर कुठलीशी साइट उघडून टक्के दाखवले. इतके टक्के विमानं वेळेवर, इतके टक्के उशिरा. दुसऱ्या साइटवर दुसरेच टक्के. तिसरीवर तर मागच्या उन्हाळ्याचे.

"हे टक्के म्हणजे काय रे? शंभरातली ऐंशी वेळेवर, म्हणजे मी ऐंशी टक्के पोचणार का? डोकं पोचणार आणि पाय राहणार? मला बसवणार ते विमान त्या ऐंशीतलं की उरलेल्या विसातलं, तेवढं सांग. बाकीच्या नव्व्याण्णवांशी मला काय करायचंय?"

बंटीनं पुन्हा फोन हातात घेतले. याचं उत्तर तसं कुणाकडेच नसतं. पण आपल्या प्रश्नाला उत्तर नाही, म्हणजे उत्तर देणारा कच्चा, असा बाळाजींचा जुना समज. ते चिडून उठले आणि त्यांना एक युक्ती सुचली.

रामकुंडावर माणसं येतात कुठून? सगळीकडून. कुणी ओझरला उतरलेलं असतं, कुणी शिर्डीला देव करून आलेलं असतं, कुणी मुंबईहून गाडी करून. मग साइटी कशाला हव्यात? त्यांनाच विचारावं!

दुसऱ्या दिवसापासून बाळाजींच्या प्रत्येक विधीत एक नवीन विधी शिरला. यजमान पाटावर बसले, आचमन झालं की गुरुजी विचारत, "कुठं उतरलात? वेळेवर उतरलात?" यजमानांना वाटे, विधीचाच भाग असेल. हात जोडून सांगत, "ओझरला उतरलो, गुरुजी. अगदी वेळेवर." पिंड वळता वळता गुरुजी विचारत, "आणि परत जाताना?" एका बाईंनी तर डोळे पुसत पुसत शिर्डीच्या विमानाची सगळी हकीकत सांगितली. बिचारी सासऱ्यांसाठी रडत होती, आणि गुरुजी विचारत होते, धावपट्टीवर किती वेळ बसवून ठेवलं.

याचा व्हायचा तो परिणाम झालाच. संकल्पात आपण कुठं आहोत, कोणत्या काळी आहोत याचा उच्चार करायचा असतो. हजारो वेळा म्हटलेलं. भरतखंडे, दंडकारण्ये, गोदावर्याः तीरे, इथवर नीट आलं, आणि पुढे गुरुजींच्या तोंडून निघालं, "कसाराघाटे." समोरचे नागपूरचे यजमान भाविक. त्यांनीही डोळे मिटून "कसाराघाटे" म्हटलं आणि पळीभर पाणी सोडलं. शेजारच्या पाटावरचे गुरुजी हसून हसून बेजार झाले. बाळाजींनी कान पकडले, संकल्प पुन्हा पहिल्यापासून सांगितला आणि मान खाली घालून घरी निघाले.

पण घरी येताच त्यांचा चेहरा खुलला, कारण निकाल हाती आला होता. "उत्तरा, ठरलं! ओझर. अगं, ज्याला ज्याला विचारलं तो म्हणतो ओझरला वेळेवर उतरलो. एक माणूस नाही म्हणाला नाही. मुंबईवाले मात्र सगळे रडत होते. कुणी घाटात अडकलं, कुणी ठाण्यात. पण आले सगळे."

उत्तराबाई खिडकीपाशी बसून नातवंडासाठी दुपटं शिवत होत्या. बाई कमी बोलायच्या, पण बोलल्या की सुई टोचल्यासारखं बोलायच्या. त्यांनी दोरा दातानं तोडला आणि म्हणाल्या, "अहो, पण जे पोचलेच नाहीत त्यांना कुठं विचारलंत?"

"म्हणजे?"

"ज्यांचं विमान रद्द झालं ते तुमच्या पाटावर कसे येतील? ते आपापल्या गावी बसलेत. तुम्ही विचारताय कुणाला, तर जे आले त्यांना. आलेला माणूस आलोच म्हणणार."

 बाळाजी झोपाळ्यावर बसले, आणि झोपाळा हलवायचंही त्यांना सुचलं नाही. त्यांना मागच्या महिन्यातले हैदराबादचे यजमान आठवले. विमान रद्द झालं म्हणून आलेच नव्हते, आणि गुरुजींनी त्यांना फोनवर आदल्या दिवशीच्या मुक्कामाचं ते भाषण पुरतं ऐकवलं होतं. तसाच त्यांनी फोन लावला. समोरचा माणूस गुरुजींचा आवाज ऐकूनच गडबडला. "गुरुजी, पुढच्या अमावास्येला नक्की येतो, शपथ!"

"ते राहू द्या हो. तुमचं ते रद्द झालेलं विमान कुठं यायचं होतं?"

"ओझरला, गुरुजी. आमच्याकडेच वादळ होतं म्हणून—"

बाळाजींनी फोन ठेवला. म्हणजे ओझर वाईट? की हैदराबाद वाईट? की वादळ? त्यांना काही कळेना. जितकी चौकशी करावी तितका गुंता वाढत होता. माणसानं इतकं विचारू नये की उत्तरंच उत्तरं व्हावीत आणि प्रश्न कुठला होता तेच विसरावं. बाळाजींचं तसंच झालं होतं. शेवटी बंटीचा फोन आला की आता तिकिटं काढली नाहीत तर कुठलीच उरणार नाहीत. तेव्हा गुरुजींनी डोळे मिटून ओझर म्हटलं आणि दोन तिकिटं निघाली.

आता प्रस्थान. हल्ली हे पुष्कळांना ठाऊक नसतं, म्हणून सांगायला हवं. प्रवासाला निघायचा दिवस चांगला नसला, तर आधीच्या चांगल्या मुहूर्तावर एक लहानशी पिशवी भरायची. मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड, एखादं अंगावरचं वस्त्र. ती घेऊन घराबाहेर पडायचं आणि ज्या दिशेला जायचं त्या बाजूच्या कुणाच्या तरी घरी ठेवून यायचं. झालं! शास्त्रानं तुम्ही निघालात. मग खरोखर जायच्या दिवशी ती पिशवी उचलायची आणि पुढे व्हायचं. मात्र ती पिशवी पुन्हा आपल्या घरात आणायची नाही. आणली तर प्रवास मोडला.

गुरुवार बाळाजींना पसंत नव्हता. शनिवारचा मुहूर्त चांगला निघाला. त्या दिवशी त्यांनी दोन पिशव्या भरल्या, एक आपली, एक उत्तराबाईंची. उत्तराबाईंनी आपल्या पिशवीत वस्त्र म्हणून ते शिवलेलं दुपटं घातलं. दोघं हिरावाडीतल्या आपल्या इमारतीतून निघून ओझरच्या बाजूला, दोन घरं पलीकडे, लताबाईंकडे गेली.

लताबाई महापालिकेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. घर बौद्ध, समोरच बाबासाहेबांची तसबीर आणि तिच्यापुढे पुस्तकांची रांग. मुहूर्त, राहुकाळ या गोष्टींना त्या घरात थारा नव्हता आणि बाळाजींना ते चांगलं ठाऊक होतं. पण उत्तराबाईंची आणि त्यांची मैत्री वीस वर्षांची. लताबाईंनी दोन्ही पिशव्या कपाटात ठेवल्या.

"गुरुजी, मुहूर्त आमच्यात चालत नाही. पण शेजाऱ्याची पिशवी चालते," त्या हसून म्हणाल्या. "बसा, चहा टाकते."

एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. रविवारी विश्वेशचा फोन आला. दिल्लीला थंडी फार, म्हणाला, आणि मुंबईहून विमानं जास्त आहेत तेव्हा बाबा, मुंबईचा विचार करा. झालं! गुरुजींचं पुन्हा तळ्यात मळ्यात. तिकिटं काय, बंटी बदलून देईल, पण मुंबईचं ठरवायचं, तर प्रस्थान मुंबईच्या बाजूला हवं. ते लताबाईंकडून दोन्ही पिशव्या घेऊन स्कूटरवरून निघाले. पिशव्या घरात न्यायच्या नाहीत, तेव्हा घरावरून तरी कशा न्यायच्या? म्हणून सगळ्या हिरावाडीला वळसा घालून, भलत्याच गल्ल्यांतून, ते मखमलाबाद नाक्यावरच्या ओळखीच्या औषधवाल्याकडे गेले आणि पिशव्या तिथं ठेवून आले. सोमवारी कुणी सांगितलं, घाटात रस्त्याचं काम निघालंय. गुरुजी पुन्हा स्कूटरवर. पुन्हा वळसा. पिशव्या पुन्हा लताबाईंच्या कपाटात.

"गुरुजी, तुमच्यापेक्षा पिशव्यांनीच जास्त प्रवास केला की," लताबाई म्हणाल्या.

उत्तराबाई तिथंच बसल्या होत्या. त्या हसल्या नाहीत. चहाचा कप खाली ठेवून नवऱ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "एक विचारू? शास्त्रातलंच आहे."

"विचार."

"प्रस्थान ठेवलं म्हणजे माणूस निघालं, असं तुम्हीच सांगता ना सगळ्यांना?"

"हो, निघालंच. त्यात शंका नको."

"मग शनिवारपासून मी निघालेली आहे. निघालेलं माणूस इथं बसून चहा काय पितंय?"

बाळाजींना हे कुठं चाललंय ते उमगेना.

"श्राद्ध तुम्हाला सांगायचंय. मला नाही," उत्तराबाई म्हणाल्या. "यशूनं बोलावलंय ते मला. मी उद्या जाते. गाडीनं."

"गाडीनं? एकटी? अगं, तू सिन्नरला तरी एकटी गेलीयेस का कधी? आणि हल्ली गाड्या किती रखडतात!"

"रखडू दे. उद्या निघाले तर परवा नाही, तेरवा तरी पोचेन. तरीही शुक्रवारच्या आत."

"मी घेऊन जातो म्हटलं ना गुरुवारी!"

आता मात्र उत्तराबाईंचा आवाज फुटला. "मागच्या वेळी आपण दोघं मिळून गेलो आणि दोघं मिळून उशिरा पोचलो! आता निदान एक तरी वेळेवर पोचू द्या. तुम्ही ओझर चांगलं की मुंबई चांगली ते बघत बसा हवं तर. मला माझ्या लेकीचा हात धरायचाय."

लताबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या. त्यांना तिथं काहीच काम नव्हतं. बाळाजी खुर्चीत बसून राहिले. आपल्या बायकोला आपण पोचवायचं, एवढं एकच त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. तीच आपली आपण पोचेल, हा पर्याय त्यांच्या तुलनेत कधी आलाच नव्हता. त्यांना राग आला, मग लाज वाटली, मग नुसतीच भीती वाटली. शेवटी ते म्हणाले, "डब्यात काय नेशील?"

"दशम्या करते," उत्तराबाई म्हणाल्या.

बंटीनं खटपट करून तत्काळमध्ये तिकीट मिळवून दिलं. मंगळवारी सकाळी उत्तराबाईंनी लताबाईंच्या कपाटातून आपली पिशवी उचलली. लताबाई आणि बाळाजी दोघंही नाशिकरोडला पोचवायला गेले. गाडी हलली तेव्हा बाळाजी खिडकीबरोबर चालत सूचना देत होते. रात्री पाकीट उशाशी घे, कुणाचं खाऊ नको, पोचलीस की फोन कर, मध्येही कर, आग्रा गेलं की कर. उत्तराबाईंनी मान डोलावली. गाडी गेल्यावर ते फलाटावर तसेच उभे राहिले, आणि लताबाईंनी त्यांना दंडाला धरून रिक्षात बसवलं.

बुधवारी इंदूरच्या यजमानांचं श्राद्ध झालं. गुरुजी सांगत होते मंत्र आणि कान होते कनवटीच्या फोनकडे. यजमान उशिरा आले होते. गुरुजी त्यांना काहीच बोलले नाहीत. यजमानच घाबरले, गुरुजींची तब्येत बरी नाही की काय. दुपारी पंगत उठता उठता फोन वाजला. गाडी धुक्यात फार रखडली होती, मध्येच कुठं उभी राहिली होती, पण पोचली होती. "मी यशूजवळ आहे," उत्तराबाई म्हणाल्या. मागून यशश्रीचं हसणं ऐकू आलं. बाळाजींनी फोन कपाळाला लावला आणि पुन्हा कनवटीला खोचला.

गुरुवारी ते एकटेच निघाले. लताबाईंकडून आपली पिशवी घेतली, नमस्कार केला, आणि वेळेच्या कितीतरी आधी ओझरला पोचले. विमानतळ शांत, ऊन कोवळं, आभाळ असं स्वच्छ की एक ढग शोधून सापडू नये. बाळाजींना फार बरं वाटलं. ओझरच बरोबर होतं! आपण उगीच शंका घेतली.

थोड्या वेळानं विमान उशिरा असल्याचं कळलं. मग आणखी उशिरा. मग रद्द.

बाळाजी काचेतून आभाळाकडे बघत राहिले. "अहो, इथं तर ऊन पडलंय!" ते काउंटरवरच्या मुलीला म्हणाले.

"दिल्लीला दाट धुकं आहे काका. तिथं काहीच उतरत नाहीये."

त्यांनी बंटीला फोन लावला. "मुंबईहून काय?"

"मुंबईचीही अडकलीत, गुरुजी."

"शिर्डी?"

"शिर्डीचंही तेच. पुणंपण. सगळी तिकडेच चाललीत ना."

बाळाजी बाकावर बसले. त्यांच्या एकेक ध्यानात यायला लागलं. ओझर, शिर्डी, मुंबई, पुणं. इतके दिवस त्यांनी इतक्या माणसांना विचारलं, इतके टक्के बघितले, दोन पिशव्या अख्ख्या पंचवटीत फिरवल्या, ते सगळं निघायचं कुठून, एवढ्यासाठी. उतरायचं तर एकाच ठिकाणी होतं. त्याबद्दल त्यांनी एका माणसालाही विचारलं नव्हतं. विश्वेशनं थंडीचं सांगितलं, तेव्हासुद्धा नाही. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला, आणि शेजारच्या बाई दचकून सरकून बसल्या.

तेवढ्यात फोन वाजला. विश्वेश होता. आवाज कापत होता.

"बाबा, सकाळी कळा सुरू झाल्या. उद्यापर्यंत थांबायला डॉक्टर तयार नव्हत्या. लगेच आत घेतलं. मुलगी झाली, बाबा. दोघी छान आहेत. एक मिनिट, आईंना देतो."

बाळाजी उभे राहिले. कशासाठी ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"अहो," उत्तराबाईंचा आवाज आला, आणि मग नुसतं रडणं.

"उत्तरा, तू होतीस ना? आत नेताना होतीस ना तिच्याजवळ?"

"होते. डॉक्टरीणबाईंनी मला आत घेतलं. शेवटपर्यंत हात सोडला नाही तिनं. नखं रुतलीत माझ्या हातात."

"रुतू देत," बाळाजी म्हणाले. "रुतू देत." आणि त्या अनोळखी माणसांत, ओझरच्या विमानतळावर, ते ओक्साबोक्शी रडले. शेजारच्या बाईंनी पाण्याची बाटली पुढे केली.

परतताना ते रिक्षानं थेट लताबाईंच्या दारात उतरले. हातात पिशवी तशीच होती. दार उघडून लताबाई बघतच राहिल्या.

"गुरुजी? तुम्ही इथं कसे?"

"विमान रद्द. ही पिशवी घरी नेता येत नाही, तुमच्याकडेच ठेवतो. उद्या गाडीनं जातो." मग त्यांचा चेहरा उजळला. "नात झाली, लताबाई!"

लताबाईंनी दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला, खूप हसल्या, डोळे पुसले. "अगं बाई! किती वाजता झाली?"

बाळाजींचा हात सवयीनं घड्याळाकडे गेला आणि तिथंच थांबला. अख्ख्या पंचवटीच्या जन्मवेळा ज्यांना तोंडपाठ, ते बाळाजी गुरुजी दारात गोंधळून उभे होते.

"विचारलंच नाही हो," ते म्हणाले. "उत्तरा तिथं होती का, तेवढंच विचारलं."